पायथन: टाइप केलेली नोंद प्रोग्राम चालू असतानाच फाइलमध्ये कशी उतरवायची?

प्रश्न:
वाचनालयाच्या काउंटरसाठी छोटा प्रोग्राम आहे. विंडोज १०, पायथन ३.१२. इनपुट() ने सभासदाचं नाव आणि पुस्तक क्रमांक घ्यायचा, फाइलमध्ये एक ओळ लिहायची, मग पुढची नोंद. नुसतं एंटर दाबलं की थांबायचं. फाइल सुरुवातीला 'डब्ल्यू' (नव्याने लिहिण्याच्या) मोडमध्ये उघडते, शेवटी बंद होते. मध्येच नोटपॅडमध्ये पाहिली तर रिकामी दिसते. वीज गेली की सगळ्या नोंदी जातात. शिवाय नाव देवनागरीत टाकलं की युनिकोडएनकोडएरर येतो, इंग्रजीत टाकलं तर येत नाही. काय बदलावं?

प्रतिसाद १:
फाइल रिकामी दिसते, कारण मजकूर अजून तिथवर पोचलेलाच नाही. राइट() केलेलं आधी पायथनच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठतं. तो साधारण ८१९२ बाइटचा असतो आणि भरला किंवा फाइल बंद झाली तरच पुढे सरकतो. एक ओळ साठेक बाइटची धरली तर शंभराहून जास्त नोंदी होईपर्यंत फाइल शून्य बाइटचीच राहणार.

म्हणून फाइल दिवसभर उघडी ठेवू नका. लूपच्या आत, दर नोंदीला, विथ (काम झालं की फाइल आपोआप बंद करणारा ब्लॉक) वापरून 'ए' (शेवटी जोडण्याच्या) मोडमध्ये उघडा आणि ओळ लिहा. ब्लॉक संपला की फाइल बंद. माणसाच्या टायपिंगपुढे एवढा वेळ जाणवतही नाही. 'डब्ल्यू' तर आजच काढा. तो फाइल उघडताक्षणीच जुना मजकूर पुसतो, म्हणजे उद्या सकाळी प्रोग्राम सुरू केला की आजचं रजिस्टर गेलं. आणि राइट() स्वतःहून ओळ बदलत नाही, शेवटी बॅकस्लॅश-एन (नव्या ओळीची खूण) तुम्हीच घालायचा.

विजेचा मुद्दा वेगळा. फाइल बंद केली किंवा फ्लश() केलं (बफर रिकामा केला) की मजकूर विंडोजच्या ताब्यात जातो, पण विंडोजही तो काही वेळ मेमरीतच ठेवतं. प्रोग्राम कोसळला तर तो वाचतो, वीज गेली तर वाचेलच असं नाही. त्यासाठी राइट() झाल्यावर, ब्लॉकच्या आतच, आधी फ्लश() आणि मग ओएस मॉड्यूलमधलं, मजकूर डिस्कवर उतरवायला लावणारं एफसिंक() (त्याला फाइलचा क्रमांक, म्हणजे फाइलनो(), द्यायचा). क्रम उलटा झाला तर मजकूर बफरमध्येच अडकलेला असतो आणि एफसिंक() ला उतरवायला काही मिळत नाही.

प्रतिसाद २:
एररचं कारण एनकोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत. ते सांगितलं नाही तर तुमच्या आवृत्तीत ओपन() विंडोजचं कोडपेज (अक्षरांचा ठरलेला तक्ता) धरतं. इंग्रजी सेटिंगवर ते बहुधा १२५२ असतं आणि त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. एनकोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, आणि वाचतानाही तेच लिहा, नाहीतर नावांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसेल. (यूटीएफ-८ आपोआप धरणं ३.१५ पासून आहे.) काही जण ओपन() च्या एरर्स या पर्यायाला 'इग्नोर' द्यायला सांगतात, ते अजिबात करू नका. एरर थांबतो, पण देवनागरी नाव गुपचूप गळतं आणि फाइलमध्ये नुसता पुस्तक क्रमांक उरतो.

फाइल नेमकी कुठे तयार होते तेही पाहा. नुसतं नाव दिलं तर ती प्रोग्राम ज्या फोल्डरमधून चालवला तिथे बनते, स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये बनेलच असं नाही. पूर्ण पाथ द्या.

प्रश्नकर्ता:
दोन्ही बदल केले, नोंदी लगेच दिसतात, आभारी आहे. हीच फाइल एक्सेलमध्ये उघडायची आहे आणि पुस्तक परत आलं की त्या ओळीवर खूण करायची आहे. जमेल का?

प्रतिसाद ३:
एक्सेलसाठी सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणारी फाइल) मॉड्यूलचा रायटर वापरा. नावात स्वल्पविराम आला तरी तो सांभाळून घेतो. ओपन() ला न्यूलाइन म्हणून रिकामी स्ट्रिंग द्या, नाहीतर विंडोजवर दर नोंदीनंतर एक रिकामी ओळ येते. एनकोडिंग 'यूटीएफ-८-सिग' ठेवा. त्याने फाइलच्या सुरुवातीला एक खूण पडते आणि एक्सेलला मराठी ओळखता येतं. 'ए' मोडमध्ये ही खूण पुन्हा पुन्हा पडत नाही.

मधली ओळ मात्र बदलू नका. नवा मजकूर लांब निघाला तर पुढच्या ओळीवर चढतो. 'परत' ही स्वतंत्र नोंद तारखेसह खाली जोडा, जुनी तशीच राहू द्या. इतिहासही टिकतो. पूर्ण फाइल नव्याने लिहायचीच असेल तर त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहा, एफसिंक() करा आणि मग ओएसचं रिप्लेस() वापरून जुनीच्या जागी ठेवा. मध्येच वीज गेली तरी जुनी शाबूत राहते.

एक्सेलमध्ये फाइल उघडी असताना लिहायला गेलात तर परमिशनएरर येईल. तो ट्राय-एक्सेप्टमध्ये (एरर आला तरी प्रोग्राम थांबू न देणारी रचना) पकडा, टाइप केलेली ओळ हातातच ठेवा, 'एक्सेल बंद करा' असा संदेश दाखवा आणि पुन्हा प्रयत्न करा.

प्रतिसाद ४:
दुसरा काउंटर सुरू होणार असेल तर टेक्स्ट फाइल सोडून एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घ्या, ते पायथनसोबतच येतं. आणि शोध नावावर नको, सभासद क्रमांकावर ठेवा. 'कऱ्हाडे' मधला अर्धा र कोणी ऱ आणि हलन्त वापरून टाइप करतं, कोणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण प्रोग्रामला ते दोन वेगळे सभासद वाटतात.