जामीन होतो, जामीनदार मिळत नाही

कच्च्या कैद्यांना, म्हणजे खटला अजून संपलेला नाही अशांना, जामीन सोपा करावा का, यावर 'जामीन सोपा केला तर ठाणे शहरात रात्री बायका बाहेर पडणार नाहीत,' असं काही जण म्हणतात. भीती खरी आहे. माझीही मुलगी रात्री साडेदहाला एकटी स्टेशनवरून येते. पण तुरुंगात असलेले सगळेच धोकादायक नसतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाला मोबाइलचोरीच्या केसमध्ये जामीन झाला, तरी तो दोन महिने आतच होता. पंधरा हजारांची हमी घेणारा जामीनदार मिळेना. मावशी रेशनकार्डाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून असायच्या. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणारा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू) कलम ४७९ पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडायला सांगतं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे, अनेक खटले असलेले आरोपी त्यातून वगळलेत. सराईत गुंडाला यात सूट कुठे आहे?