‘कसं लागलं?’ आधी, की ‘पेशंट कसा आहे?’ आधी?

रात्रपाळी

गेल्या आठवड्यात आमच्या कॅज्युअल्टीत यावरून चांगलीच वादावादी झाली, म्हणून इथे मांडतोय. माझं मत सरळ आहे. मार कसा लागला हे खोदून विचारलं नाही, तर अपघाताच्या पेशंटची तपासणी अर्धवटच राहते.

वाद पेटला तो प्रसंग सांगतो. रंगकाम करणारा एक माणूस शिडीवरून पडला, साधारण चौदा फुटांवरून, आणि पडला तो थेट पायांवर. तक्रार एकच, उजवी टाच. ज्युनिअरने टाचेचा एक्स-रे काढला, फ्रॅक्चर दिसलं, प्लास्टरचा स्लॅब घातला, ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या डॉक्टरांना, फोन केला. त्याच्या मते काम झालं होतं. मी चौघांना बोलावून पेशंटला एका रेषेत कुशीवर वळवलं आणि मानेपासून एकेक मणका दाबत खाली आलो. बरगड्या संपतात त्याच्या जरा खाली बोट गेलं आणि तो कळवळला. कमरेचा पहिला मणका चेचला होता. टाचेच्या ठणक्यापुढे त्याला पाठ जाणवतच नव्हती.

पायांवर पडलेल्या माणसात जोर टाचेतून गुडघ्याकडे, तिथून खुब्यात आणि कण्यात चढतो. टाच मोडलेल्या साधारण दहातल्या एकाचा मणकाही दबलेला असतो. समोरासमोरच्या धडकेत गुडघा डॅशबोर्डवर आपटला की खुबा मागच्या बाजूला निखळतो, कधी पायाचा मोठा मज्जातंतूही दुखावतो. सीटबेल्टचा वळ पोटावर आडवा उमटला असेल तर आतडं आणि कमरेचा मणका दोन्ही बघायचे. तो मणका आडवा उकलतो हे चान्स नावाच्या रेडिओलॉजिस्टने 1948 मध्येच लिहून ठेवलंय. हे सगळं ठाऊक असूनही केसपेपरवर आपण नुसतं ‘पडून’ लिहितो, याचा मला त्रास होतो.

अबोली

मी तुमच्या अगदी उलट बाजूला आहे, आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी मी काम करत होते तिथे एक आजी आल्या. वय 78, बाथरूममध्ये पाय घसरलेला, रक्त पातळ करण्याची गोळी चालू. ट्रायाजच्या, म्हणजे कुणाला आधी बघायचं ते ठरवण्याच्या, कागदावर लिहिलं होतं ‘साधं पडणं’. त्या दोन शब्दांमुळे त्या तीन तास व्हीलचेअरवर बसून राहिल्या, कारण त्याच वेळी एका मोठ्या मोटार अपघाताचे पेशंट आले होते आणि सगळे तिकडे धावले. आजींची नात दोनदा येऊन सांगून गेली, “आजी नेहमीसारखी बोलत नाहीये.” शेवटी सीटी स्कॅन केला तेव्हा कवटीच्या आत बरंच रक्त साठलं होतं. मोटारीतल्या तिघांपैकी दोघे त्याच रात्री टाके घालून घरी गेले.

म्हणजे अपघात बघून आपण रांग लावली आणि रांग चुकली. ब्रिटनमधल्या ट्रॉमा नोंदींचा 2017 चा अहवाल हेच सांगतो: वयस्कर माणसांच्या गंभीर दुखापतींचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे दोन मीटरपेक्षा कमी उंचीवरून पडणं. मोटारीचा चुराडा बघून घाबरण्यातही अर्थ नाही. पुढचा पत्रा चुरगळावा म्हणूनच तसा बनवलेला असतो, धडकेची ऊर्जा तोच गिळतो. पल्स बघा, बीपी बघा, पेशंटशी बोला. गोष्ट नंतर ऐका.

सायरन

अ‍ॅम्ब्युलन्सवर बारा वर्षं आहे. ताई, पत्र्याचं बरोबर आहे, पण आम्ही पत्रा किती चुरगळला ते बघत नाही. तो माणूस बसला होता तिथे किती आत आला, ते बघतो. स्टिअरिंग वाकलंय का, काचेवर आतून डोकं आपटल्याची जाळी उमटलीय का, कुणी बाहेर फेकलं गेलं का, शेजारचा जागीच गेला का. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, म्हणून वेगही विचारतो. हे सगळं मी दारात सांगतो आणि बऱ्याचदा समोरचा डॉक्टर तेव्हा सलाइन शोधत असतो. गाडी क्रेनने उचलली की हा पुरावा संपला. पुन्हा कुणाला बघायला मिळणार नाही.

रात्रपाळी

अबोली, आजींचं वाचून वाईट वाटलं. पण तिथे मेकॅनिझमने, म्हणजे मार कसा लागला त्या माहितीने, फसवलं असं मला वाटत नाही, ते कुणी विचारलंच नव्हतं. ‘साधं पडणं’ हा निकाल आहे, त्यात कसं पडल्या ते कुठेच नाही. मागे पडल्या की पुढे? डोकं कशावर आपटलं? आधी चक्कर आली की पाय सरकला? म्हातारं माणूस हनुवटीवर आपटलं की मान मागे मुडपते. एकही हाड न मोडता मज्जारज्जू आतून दुखावतो आणि पायांपेक्षा हात जास्त लुळे पडतात. हे फक्त उंची विचारून कळणार नाही.

अबोली

मग तुम्ही त्या शब्दात सगळंच कोंबताय! वय, गोळ्या, चक्कर ही मेकॅनिझम नाही, ती पेशंटची हिस्टरी आहे. आणि क्रमाचं काय? 1976 मध्ये अमेरिकेत नेब्रास्कात डॉ. स्टायनर यांचं छोटं विमान कोसळलं. पत्नी गेली, मुलं जबर जखमी, आणि जवळच्या रुग्णालयात जी काळजी मिळाली ती बघून ते हादरले. त्यातून 1978 मध्ये एटीएलएसचा, म्हणजे गंभीर जखमींना कसं सांभाळायचं ते डॉक्टरांना शिकवणारा, पहिला कोर्स झाला. त्याचा गाभाच हा की जे आधी जीव घेईल ते आधी बघा: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण.

अमेरिकेतल्या फील्ड ट्रायाजच्या, म्हणजे अपघाताच्या जागीच पेशंटची वर्गवारी करण्याच्या, 2021 च्या सूचनाही बघा. जखमांचं स्वरूप आणि बीपी-पल्स जास्त धोक्याच्या लाल गटात, मेकॅनिझम त्याखालच्या पिवळ्यात.

प्लास्टर

त्याच सूचनांमध्ये मोठ्यांसाठी पडण्याच्या उंचीची मर्यादा 20 फुटांवरून 10 फुटांवर आणली, आणि 65 च्या पुढच्यांचं डोक्याला जोरात लागलेलं कमी उंचीवरचं पडणंही घेतलं. म्हणजे मेकॅनिझम काढून टाकलं नाही, बारकाईने लिहिलं.

मी हाडांचा माणूस, त्यामुळे माझा कल कुठे ते उघड आहे. हात टेकून पडल्यावर मनगटाजवळ होणारं फ्रॅक्चर कोलिसने 1814 मध्ये वर्णन केलं, एक्स-रेचा शोध लागला 1895 मध्ये. एक्याऐंशी वर्षं लोक हात टेकला का ते विचारून आणि मनगटाचा आकार बघून निदान करत होते.

मोजपट्टी

नुसत्या मेकॅनिझमवर सगळ्यांना डोक्यापासून मांडीपर्यंत सीटी करायची सवय लागलीय, त्यावरही बोला. 2016 मध्ये रिअ‍ॅक्ट-2 नावाचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरसकट पूर्ण शरीराचा सीटी आणि गरजेपुरता सीटी यांत रुग्णालयातल्या मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. रेडिएशन मात्र तरुण पोरांच्या वाट्याला येतं. ट्रायाजमध्ये थोडी अतिसावधगिरी चालते हे मान्य, अमेरिकन सर्जन्सची संघटनाही 25 ते 35 टक्के पेशंट उगाच गंभीर धरलेले चालवून घेते, कारण गंभीर पेशंट निसटण्याचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आत ठेवायचं असतं. पण ती सूट पेशंटला योग्य ठिकाणी नेण्यासाठी आहे. सीटीच्या टेबलावर चढवण्यासाठी नाही.

कावेरीकाठ

मी डॉक्टर नाही, एका नऊ वर्षांच्या मुलाची आई आहे. तो सायकलवरून पडला तेव्हा गुडघा सोलवटला होता. तो साफ करून पट्टी बांधली आणि आम्हाला सोडलं. पोटावर बेंबीच्या वर एक गोल ठसा होता, रुपयाएवढा. मी दाखवला तर “मुका मार आहे, जाईल” म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून हिरव्या उलट्या सुरू झाल्या. सायकलचं हँडल पोटात घुसून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात रक्त साकळलं होतं. ऑपरेशन लागलं नाही, पण बारा दिवस नाकातून नळी होती. कसा पडलास, हे त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

रात्रपाळी

ताई, तो गोल ठसा म्हणजे हँडलचं टोक. मुलांचं पोट मऊ, बरगड्या लवचीक, त्यामुळे वरून काही न दिसता आत स्वादुपिंड, प्लीहा, यकृत काहीही फाटू शकतं. आणि मुलांचं बीपी शेवटपर्यंत टिकतं, मग एकदम कोसळतं. अबोली, नुसतं बीपी बघून या मुलाला तुम्हीही घरीच पाठवलं असतं.

अबोली

हो, पाठवलं असतं. हे मान्य करायला मला जड जातंय, पण खरं आहे.

तरी माझी भीती जात नाही. मोठा अपघात ऐकून आपण शोधत राहतो, ते चांगलंच. पण छोटा अपघात ऐकून आपण थांबतो, आणि माझ्या आजी तिथेच अडकल्या. मेकॅनिझमवरून संशय वाढवा, कमी करू नका. एवढं कबूल असेल तर मी तुमच्या बाजूला यायला तयार आहे.

आमच्या ट्रायाजच्या कागदावर ‘पडून / वाहन / इतर’ अशा तीन चौकटी आहेत. त्या काढून तिथे दोन रिकाम्या ओळी ठेवा असं उद्या सुचवणार आहे, आणि त्या सायरनसारख्यांनी दारातच सांगून भरून घ्यायच्या. वर मात्र पल्स आणि बीपीच राहणार.

सायरन

दोन ओळी पुरणार नाहीत, ताई. चार ठेवा.