मदत हवी आहे: टेबलाच्या फळीवर लावलेला सनमायका मधोमध फुगलाय

काजवा:
घरीच टेबल बनवतोय. फळीवर सनमायका चिकटवला. कडा घट्ट बसल्यात, पण मधे वीतभर जागेत फुगवटा आलाय. दाबला की बसतो, हात काढला की परत वर. टोचून हवा काढू का? सोमवारपासून याच टेबलावर कामाला बसायचंय, प्लीज लवकर सांगा.

सुतारपक्षी:
गोंद कुठला, पांढरा की रबराचा पिवळा? किती वेळ दाबून ठेवला होता? खाली काय आहे, प्लाय, एमडीएफ की आणखी काही? हे कळल्याशिवाय सगळं अंदाजपंचे.

निशिगंध:
इस्त्री फिरवा! वर जाड सुती कापड, इस्त्री मध्यम गरम, मग लगेच लाटण्याने दाबायचं आणि गार होईपर्यंत वजन ठेवायचं. आमच्या कपाटाचं दार असंच बसवलं, तीन वर्षं झाली, हललेलं नाही.

सुतारपक्षी:
@निशिगंध, तुमचं दार रबराच्या गोंदाचं असणार. तो उष्णतेने मऊ होऊन पुन्हा धरतो. इथे पांढरा असेल आणि आत ओला असेल, तर वाफ धरून फुगवटा वाढेल.

निशिगंध:
पांढराही उष्णतेने मऊ होतो, स्वतः केलंय.

सुतारपक्षी:
वाळलेला होतो, मान्य. ओल्याचं काय?

काजवा:
पांढराच. परवा रात्री लावला, वर पुस्तकं ठेवली, काल सकाळी काढली. सनमायका १ मिमीचा. टोचू का एवढं सांगा ना.

साधा_माणूस:
मुळात सनमायका हवाच कशाला? लाकूड लाकडासारखं दिसू द्यावं. घासून पॉलिश करा, ओरखडा पडला तर परत घासता येतं. सनमायकाचा टवका उडाला की उडाला.

ओसरी:
उंची किती ठेवलीये? सगळे ७५ सेंमीच्या आसपास ठेवतात, पण ठेंगण्या माणसाचे खांदे त्याने दिवसभर उचललेले राहतात. खुर्चीत बसून कोपर काटकोनात ठेवा, तिथपासून जमिनीपर्यंत मोजा. आधी हे बघा.

रंधा:
टोचू नका. सनमायका म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदाचे थर तापवून, दाबून केलेला कडक पत्रा. पडलेलं भोक बुजत नाही आणि तिथून पाणी आत शिरतं. खाली काय आहे ते अजून सांगितलं नाहीत.

काजवा:
जुन्या दाराची फळी. अगदी सपाट होती म्हणून घेतली. ऑइलपेंट आहे, पण ओल्या फडक्याने पुसून स्वच्छ केला होता.

रंधा:
मग घोडं इथे पेंड खातंय! पांढऱ्या गोंदातलं पाणी लाकडाने प्यायला हवं. वरून सनमायका ते सोडत नाही, खालून रंग पीत नाही. कडेला हवा लागली, तिथे वाळला, आणि कडा बंद झाल्यावर मधलं पाणी कोंडलं. पुस्तकांनीही सगळीकडे सारखा दाब पडत नाही. वर दुसरी सपाट फळी ठेवून तिच्यावर वजन, तेही २४ तास.
आता सनमायका काढाच. कडेपासून हीट गन किंवा हेअर ड्रायरने गरम करत पातळ पट्टी सरकवत जा, ओढू नका. मग रंग पूर्ण काढून लाकूड उघडं करा.

पानगळ:
एक महत्त्वाचं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. कोरडा घासून धूळ उडवू नका. पेंट रिमूव्हर लावून खरवडा, खिडक्या उघड्या ठेवा, लहान मुलं लांब. सोमवारची घाई यापेक्षा महत्त्वाची नाही.

सुतारपक्षी:
पानगळ, +१. पुढच्या वेळी मी रबराचा गोंदच सांगेन. दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की मधे गोल काठ्या ठेवून वर सनमायका, आणि एकेक काठी काढत दाबत जायचं. वजन ठेवत बसायला नको.

रंधा:
पण एकदा टेकला की केसभरही सरकत नाही, आणि त्याची वाफ पेट घेते. पहिल्यांदा करणाऱ्याला पांढराच बरा, तिरका बसला तर सरकवता येतो. खालच्या बाजूलाही स्वस्तातला पातळ सनमायका लावा, नाहीतर एकाच बाजूने ओढ बसून फळी बाक धरते.

काजवा:
उचलला. मधे गोंद अजून दुधासारखा ओला होता! काढताना सनमायकाचा एक कोपरा तुटला, साधारण दीड इंच. नवीन आणावा लागेल का?

रंधा:
नको. फळी आणि सनमायका दोन्ही त्या बाजूने दोन इंच कमी करा. सनमायका कापताना वरच्या बाजूला चिकटपट्टी लावा, टवके कमी उडतात. फळीपेक्षा चारी बाजूंनी ३ मिमी जास्त ठेवा आणि वाळल्यावर कानस लावा. कानस फक्त खाली ढकलायची, वर ओढली की कड उचकटते.

काजवा:
फळी कापली. रिमूव्हर लावून ठेवलाय, रंग सालीसारखा सुटतोय. कोपरापर्यंतची उंची ६८ भरली, पायही कापावे लागणार. सोमवारी जेवणाच्या टेबलावर बसतो.