खिडकीच्या काचांवरील क्षारांचे पांढरे डाग

प्रश्न:
आमच्या तळमजल्यावरील खिडक्यांवर बागेच्या फवाऱ्याचे पाणी रोज उडते आणि ते पाणी जड असल्यामुळे काचांवर पांढरट ठिपके व ओघळ उमटले आहेत. साबणाच्या पाण्याने धुतल्यावर काच ओली असेपर्यंत स्वच्छ भासते, परंतु वाळताच डाग पुन्हा दिसू लागतात. काचेवर ओरखडे न पाडता ते कसे काढावेत आणि पुन्हा पडू नयेत म्हणून काय करावे?

प्रतिसाद १:
जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात; थेंब वाळताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा पापुद्रा उरतो. तो साबणाला दाद देत नाही, पण सौम्य आम्लात विरघळतो. पांढरे व्हिनेगर, ज्यात साधारण ५ टक्के ॲसेटिक आम्ल असते, तेवढ्याच पाण्यात मिसळावे. उभ्या काचेवर फवारलेले द्रावण लगेच ओघळून जाते आणि बहुतेकांचा प्रयत्न इथेच फसतो. म्हणून त्यात भिजवलेले सुती फडके काचेला चिकटवून १० ते १५ मिनिटे तसेच ठेवावे, मग मऊ स्पंजाने चोळून भरपूर पाण्याने धुवावे. थर जाड असल्यास हे दोन-तीनदा करावे लागते. व्हिनेगरचा वास सोसत नसेल, तर पाण्यात विरघळवलेले लिंबूसत्त्वही चालते.

प्रतिसाद २:
वरील उपायाला एक पुस्ती जोडतो. खिडकीचा कट्टा संगमरवराचा असेल, तर तो आधी प्लास्टिकने झाकावा, कारण संगमरवर हेही कॅल्शियम कार्बोनेटच असल्याने आम्लाने त्याची चकाकी जाते. व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. खरखरीत घासणी आणि वाळूसारख्या पावडरी टाळाव्यात.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. वरचा भाग स्वच्छ झाला. खालच्या पट्ट्यात मात्र, जिथे पाणी सर्वाधिक साचते, तीन वेळा करूनही धूसरपणा कायम आहे.

प्रतिसाद २:
त्या जागेवरून नख फिरवून पाहावे. खरखर जाणवली, तर थर अजून शिल्लक आहे. त्यात सिलिका (वाळूतील मुख्य घटक) असल्यास व्हिनेगरचा उपयोग होत नाही, तिथे सिरियम ऑक्साइडचे, म्हणजे काच चकचकीत करण्याच्या अतिशय बारीक भुकटीचे, पॉलिश ओल्या फेल्टने (दाबलेल्या लोकरीच्या कापडाने) घासून पाहता येते. पृष्ठभाग गुळगुळीत असूनही धूसर दिसत असेल, तर बहुधा काचच झिजलेली आहे, आणि ती कोणत्याही आम्लाने पूर्ववत होणार नाही. काचेवर विशेष लेप असेल, तर पॉलिश करूच नये, लेप निघून जातो.

प्रतिसाद ३:
प्रतिबंधाविषयी सांगायचे, तर फवाऱ्याचे तोंड वळवणे हाच खरा उपाय आहे. बाकी सारी मलमपट्टी. काच धुतल्यावर ती आपोआप वाळू न देता रबरी वायपरने वरून खाली पाणी निपटावे व कडा कोरड्या फडक्याने टिपाव्यात. शेवटचा हात आरओच्या पाण्याचा दिला, तर मागे उरायला क्षार फारसे राहतच नाहीत. पाणी मृदू करणाऱ्या यंत्रावर मात्र फार भिस्त ठेवू नये, कारण ते कॅल्शियमच्या जागी सोडियम आणते. डाग तरीही पडतात, फक्त ते साध्या पाण्याने निघतात.