क्वांटिटी सर्व्हेयरचे व्यावसायिक सदस्यत्व: ठेकेदाराकडील बिलिंगचा अनुभव ग्राह्य धरला जातो का?

अमळनेरकर

नमस्कार. मी मूळचा अमळनेरचा असून जळगावला स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर गेली अकरा वर्षे याच क्षेत्रात आहे. त्यांपैकी पहिली सात वर्षे मी एका ठेकेदाराकडे बिलिंगचे काम केले. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील सरकारी इमारती व रस्ते यांची संयुक्त मोजमापे, आरए बिले (काम चालू असताना वेळोवेळी लावायची बिले), स्टीलचा हिशेब आणि जादा बाबींच्या दरांचे प्रस्ताव, म्हणजे ज्याला आपण सगळे ईआयआरएल म्हणतो, असे त्या कामाचे स्वरूप होते. त्यानंतरची चार वर्षे मी पुण्यातील एका खर्च-सल्लागार संस्थेसाठी जळगावातूनच काम करतो आहे आणि त्यात एका रुग्णालयाची इमारत व दोन गोदामे यांचे बीओक्यू (कामाच्या बाबी व परिमाणे यांची यादी), निविदांची तुलना आणि अंतिम हिशेब माझ्याकडे होते.

आता मला क्वांटिटी सर्व्हेयर, म्हणजे बांधकामाची परिमाणे व खर्च यांचा हिशेब पाहणारा व्यावसायिक, म्हणून आरआयसीएस (रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स) या ब्रिटिश संस्थेच्या एमआरआयसीएस या चार्टर्ड सदस्यत्वासाठी अर्ज करावयाचा आहे. घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा वडिलांची अशी समजूत झाली की मी भूमी अभिलेख कार्यालयात शेतमोजणीच्या नोकरीसाठी अर्ज करीत आहे, आणि त्यांना फरक समजावून सांगताना माझ्या लक्षात आले की मी नेमका काय करतो हे मलाच दोन वाक्यांत सांगता येत नाही.

माझ्या शंका अशा. ठेकेदाराकडील सात वर्षांना या अर्जात काही वजन आहे का, की केवळ सल्लागार संस्थेतील चार वर्षेच मोजली जातील? जुन्या मालकांनी अनुभवाचे पत्र देण्यास नकार दिला आहे. त्यामुळे अडचण येईल का? आणि केस स्टडीसाठी मोठा प्रकल्पच लागतो का? माझ्या मनात जळगावबाहेरील एका गोदामाचे काम आहे. तेथे काळी माती काढून मुरमाचा भराव केला होता. ठेकेदाराने ट्रकच्या मापाने १,३०० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरमाचे बिल लावले, तर पातळ्यांवरून ६० मीटर बाय ४० मीटर क्षेत्रावर सरासरी १.२ मीटर जाडी धरून २,८८० घनमीटर, म्हणजे सुमारे १,०१७ ब्रास एवढेच निघाले. रक्कम फार मोठी नव्हती. परंतु तो वाद मी स्वतः हाताळला होता.

गिरणाकाठ

अमळनेरकर भाऊ, मी चाळीसगावचा असून सध्या दुबईत आहे. मी स्वतः या प्रक्रियेतून गेलो आहे आणि आता दोन उमेदवारांचा काउन्सेलर, म्हणजे अर्जाच्या तयारीतील मार्गदर्शक, म्हणून काम पाहतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

प्रथम मार्गाविषयी. आपली पदवी आरआयसीएसने मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांत नसेल, तर अंतिम मुलाखतीआधी आपल्या लेखी सादरीकरणाची प्राथमिक छाननी होते आणि तीत लेखन अपुरे ठरल्यास मुलाखतीपर्यंत पोहोचताच येत नाही. म्हणून खरी परीक्षा मुलाखतीच्या तासाभरात आहे असे समजू नका. तिचा मोठा भाग लेखनातच होऊन जातो. अनुभवाचा सारांश, तीन हजार शब्दांची केस स्टडी आणि वर्षभरातील किमान ४८ तासांच्या व्यावसायिक अध्ययनाची नोंद हे तिचे मुख्य भाग आहेत. शब्दमर्यादा व अर्जाचे नमुने अधूनमधून बदलतात, तेव्हा लिहायला बसण्यापूर्वी संस्थेची चालू मार्गदर्शिका उतरवून घ्यावी. मित्राने दिलेल्या जुन्या प्रतीवर विसंबू नये.

आता आपला मूळ प्रश्न. ही संस्था वर्षे मोजते ती केवळ पात्रतेपुरती. पुढे ती क्षमतांचे स्तर पाहते. पहिला स्तर म्हणजे विषयाचे ज्ञान, दुसरा म्हणजे ते प्रत्यक्ष कामात वापरणे आणि तिसरा म्हणजे कारणे देऊन सल्ला देणे. मोजमाप व खर्च, करार, खरेदी व निविदा, बांधकाम तंत्रज्ञान यांसारख्या आपल्या मुख्य विषयांत तिसऱ्या स्तरापर्यंत जावे लागते. ठेकेदाराकडील बिलिंगच्या कामात दर आधीच ठरलेले असतात आणि माप संयुक्त असते, म्हणून ते काम बहुधा दुसऱ्या स्तरावर थांबते, असे माझे मत आहे. ते निरुपयोगी नाही. पण तेवढ्यावर भागत नाही.

मुरमाचा वाद मात्र केस स्टडीसाठी उत्तम आहे, कारण प्रकल्प केवढा यापेक्षा त्यात निर्णय कोणी घेतला याला महत्त्व असते. फक्त एक तपासा: त्या कामातील आपला सहभाग अर्ज सादर करण्यापूर्वीच्या दोन वर्षांतील असला पाहिजे. आणि तो वाद आपण कसा मांडता यावर सगळे अवलंबून आहे. माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत जवळजवळ हमखास असे वाक्य असते: ‘आमच्या चमूने भरावाची मोजमापे तपासली आणि ठेकेदाराचे बिल कमी करण्यात आले.’ यात आपण कोठेच नाही. कोणी तपासले, कशावरून, दुसरा पर्याय कोणता होता आणि मालकाला कोणी काय सांगितले, यांपैकी एकही गोष्ट वाचणाऱ्याला कळत नाही. आपल्याकडे ‘मी केले’ असे म्हणणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून आपण ‘करण्यात आले’ असे लिहितो. येथे ती सवय सोडावी लागते.

त्याऐवजी असे लिहून पाहा: करारात भराव दाबलेल्या स्थितीत मोजावा असे कलम होते की नव्हते, ट्रकमधील सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, त्यामुळे दोन्ही मापे खरी असूनही वेगळी येतात, हे मी मालकाला कसे समजावले, सुरुवातीच्या पातळ्यांच्या पत्रकावर ठेकेदाराची सही होती का, आणि नसल्यास त्या भागापुरते मी काय सुचवले. समजा एखाद्या कोपऱ्यातील पातळ्यांवर सही नव्हती आणि वाद वाढवण्यापेक्षा तेथे दोघांच्या उपस्थितीत खड्डे घेऊन मुरमाची जाडी पाहावी असा सल्ला आपण दिला असेल, तर तिसरा स्तर तेथेच आहे. ठेकेदार खोटारडा होता असे मात्र चुकूनही लिहू नका. तो त्याच्या पद्धतीने मोजत होता, एवढेच.

अनुभवाच्या पत्राविषयी: या प्रक्रियेत आपला मुख्य आधार काउन्सेलर असतो आणि तो आरआयसीएसचा चार्टर्ड सदस्य असावा लागतो. आपल्या सल्लागार संस्थेत असा कोणी असेल तर आजच त्यांच्याशी बोला, कारण जुन्या मालकांच्या पत्रापेक्षा हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. जुन्या नोकरीसाठी नेमणूकपत्र, फॉर्म १६ आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातील सेवेची नोंद एकत्र ठेवा.

पांझरेवरचा निवृत्त

मी सार्वजनिक बांधकाम विभागातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो असून धुळ्यास राहतो. गिरणाकाठ यांचे बाकीचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु सरकारी कामातील बिलिंग दुसऱ्या स्तरावर थांबते, हे विधान मला मान्य नाही.

अमळनेरकर, तुम्ही बी-१ निविदेचे, म्हणजे आपल्या विभागाच्या ठरावीक नमुन्यातील निविदेचे, कलम ३८ कितीदा हाताळले असेल ते आठवून पाहा. निविदेतील परिमाण २५ टक्क्यांहून अधिक वाढले की त्यापुढील वाढीला वेगळा दर लागू होतो आणि तो दर कोणत्या दरसूचीवरून काढावयाचा, यावर पत्रव्यवहार सुरू होतो. काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागला की खोदाई आणि भराव या दोन्ही बाबी ती मर्यादा ओलांडतात; आपल्या भागात तर हे नेहमीचेच. अशा वेळी तुम्ही तुमच्या मालकाला वाढीव काम त्या दराने स्वीकारावे की स्वीकारू नये हे सांगितले असेल, जादा बाबीचा दर मजुरी, साहित्य आणि वाहतूक यांची फोड करून मांडला असेल, तर तो सल्ला नव्हे काय? ठेकेदाराच्या बाजूने दिलेला सल्लाही सल्लाच असतो. पुण्याच्या कंपनीचे नाव लेटरहेडवर आल्यावरच माणूस विचार करू लागतो, असे थोडेच आहे.

दुसरी गोष्ट मोजमापाच्या नियमांची. तुमची सगळी कारकीर्द आयएस १२०० या मोजमापाच्या भारतीय मानकावर झाली आहे आणि मुलाखत घेणारे कदाचित आरआयसीएसच्या एनआरएम नियमांवर वाढलेले असतील. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी कोणत्या नियमाने मोजले ते स्पष्ट लिहा आणि त्या नियमामागील कारण सांगण्याची तयारी ठेवा. प्लास्टरचे उदाहरण घ्या. ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या भागाची वजावट आपण करीत नाही, ०.५ ते ३ चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची करतो, आणि त्याहून मोठ्या भागाची दोन्ही बाजूंची वजावट करून कडांचे प्लास्टर वेगळे मोजतो. हे आकडे पंचवीस-तीस वर्षांत माझ्या हाताखालच्या प्रत्येक कनिष्ठ अभियंत्याला पाठ होते. पण लहान भागाची वजावट का नाही, असे विचारले की निम्मे जण गप्प बसत. चौकटीच्या कडा, वरचा भाग आणि उंबरठ्याकडील प्लास्टर वेगळे मोजत नसल्याने त्याची भरपाई तेथे होते, हे उत्तर ज्याला देता आले त्याला मी चांगला मापक समजत असे.

बाकी, परदेशी सदस्यत्वावाचून आपल्याकडे कोणाचे काम अडत नाही, हेही लक्षात असू द्या. वास्तुविशारदांना १९७२ च्या कायद्याने नोंदणी बंधनकारक आहे, तशी क्वांटिटी सर्व्हेयरला भारतात नाही. सरकारी कामापुरतेच राहावयाचे असेल तर या खर्चाचा विचार दोनदा करा.

गिरणाकाठ

काका, कलम ३८ विषयीचे आपले म्हणणे बरोबर आहे आणि माझे विधान मी मागे घेतो. मात्र अमळनेरकरांनी तो सल्ला लेखी दिला होता का, हे महत्त्वाचे आहे. साइटच्या टपरीवर चहा पिताना मालकाला सांगितलेली गोष्ट मुलाखतीत मांडता येते. पण परीक्षकाने खोलात विचारले की आकडे आठवत नाहीत.

भुसावळ_यावल रस्ता

मी पहिल्या प्रयत्नात नापास झालेली उमेदवार आहे, आणि तेही मोजमापात किंवा करारात नव्हे तर नीतिनियमांत. म्हणून लिहिते आहे. या भागात समाधान झाले नाही तर बाकी सारे उत्तम असूनही उमेदवार उत्तीर्ण होत नाही, हे मला ऐकून माहीत होते, पण पुस्तिकेतील नियम पाठ केले की झाले असे मी धरून चालले होते. फेब्रुवारी २०२२ पासून आरआयसीएसचे आचरणाचे नियम पाचच आहेत, त्यामुळे पाठ करणे अवघड नाही.

मला विचारलेला प्रश्न साधा होता. ज्या ठेकेदाराची निविदा मी तपासत आहे त्याने दिवाळीला मिठाईच्या डब्यासोबत चांदीचे नाणे पाठवले तर मी काय करीन? ‘परत करीन’ असे सांगून मी थांबले. त्यांनी पुढे विचारले की कोणाला कळवाल, कोठे नोंद कराल, तुमच्याच वरिष्ठांनी ‘राहू द्या, सगळेच घेतात’ असे म्हटले तर काय कराल, आणि इतर निविदाकारांना हे कळले तर तुमच्या अहवालाचे काय होईल. यांतील एकाही प्रश्नाचा मी आधी विचार केलेला नव्हता आणि ते माझ्या चेहऱ्यावरच दिसत होते.

दुसऱ्या वेळी मी पुस्तकातील उदाहरण घेतले नाही. हिवाळ्यात आपल्याकडे शेतावर भरिताच्या पार्ट्या होतात आणि ठेकेदाराचे आमंत्रण नाकारले तर माणूस तोंडावर काही बोलत नाही, पण दुखावतो. निविदा उघडण्याआधीच्या आठवड्यात आलेले असे आमंत्रण मी फोन करून कारण सांगून नाकारले होते, वरिष्ठांना ईमेलने कळवले होते आणि काम संपल्यावर त्याच शेतावर सर्वांसोबत जेवायला गेले होते. हे जसे घडले तसे मी सांगितले. परीक्षकांनी त्यावर तीन-चार उलटप्रश्न विचारले, पण या वेळी उत्तरे शोधावी लागली नाहीत.

अमळनेरकर दादा, आणखी एक सूचना. केस स्टडीत गोदामाच्या मालकाचे नाव आणि रकमा देणार असाल तर त्यांची लेखी संमती आधी घ्या. मिळाली नाही तर नाव व आकडे झाकून लिहा. गोपनीयतेचा प्रश्न तेथूनच विचारला जातो. आणि सुरुवातीच्या दहा मिनिटांच्या सादरीकरणाचा सराव घड्याळ लावून करा. पहिल्या वेळी मी काळ्या मातीचे वर्णन करण्यातच चार मिनिटे घालवली होती.

अमळनेरकर

गिरणाकाठ भाऊ, काका आणि ताई, तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री गोदामाच्या फायली काढून बसलो. ते काम मागील वर्षीचेच असल्याने मुदतीची अडचण नाही. भाऊंनी अंदाजाने लिहिलेली गोष्ट जवळजवळ खरीच निघाली: पूर्वेकडील पट्ट्यातील सुरुवातीच्या पातळ्यांवर ठेकेदाराच्या माणसाची सही नाही, कारण त्या दिवशी तो रावेरला लग्नाला गेला होता. तेथे मी दोन खड्डे घेण्यास सांगितले होते आणि त्याचे छायाचित्रही आहे. हा भाग केस स्टडीतून वगळण्याचा माझा विचार होता, कारण त्यात आपली उणीव दिसते असे वाटत होते. आता तो सविस्तर लिहीन.

कलम ३८ चा एक प्रस्ताव मी ठेकेदाराकडे असताना लेखी दिला होता, परंतु त्याची प्रत जुन्या कार्यालयात राहिली आणि ती मागण्याची आता सोय नाही. तो केवळ आठवणीवरून लिहिणे योग्य होईल का?

पांझरेवरचा निवृत्त

अनुभवाच्या सारांशात लिहा, पण जे आकडे नक्की आठवतात तेवढेच लिहा. केस स्टडीत मात्र घेऊ नका. गोदामाच्या मुरमाच्या काटापावत्या असतील तर त्यांच्या छायाप्रती आजच काढून घ्या. त्या थर्मल कागदावर असतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेबलाच्या खणातसुद्धा पांढऱ्या पडतात.