डोळ्याच्या पडद्याला छेद, पण दिसतंय तर नीट. लेझरची इतकी घाई का?

मायनस_आठ: वय ५३, नंबर मायनस ८. शुक्रवारी रात्री अंधारात उजव्या डोळ्याच्या कडेला लख्ख चमकलं. वाटलं, पाऊस येतोय. सकाळी डोळ्यापुढे जळमट. चक्क हाताने झटकायला गेलो. आज डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पाहिलं. पडद्याला वरच्या बाजूला घोड्याच्या नालेसारखा छेद आहे, आजच लेझर करा म्हणाले. अहो, शेवटची ओळ वाचली मी! संध्याकाळची वेळ घेतलीय, पण मन तयार होत नाही. दुखतं का?

जुना_चष्मेवाला: दिसतंय तोवरच करायचं असतं हो. वयानुसार डोळ्यातला जेलीसारखा द्रव आकसतो आणि पडद्यापासून सुटतो. जिथे घट्ट चिकटलेला असतो तिथे पडदाच फाडतो. त्या फटीतून पाणी मागे शिरलं की ओल आलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटतो. छेद वरचा असेल तर पाणी खाली उतरायला वेळ लागत नाही. लेझर म्हणजे छेदाभोवती दोन-तीन ओळींत दिलेले डाग, भांड्याला देतात तसे.

माझं दहा-पंधरा मिनिटांत झालं. बधिर करणारे थेंब, डोळ्यावर टेकवलेलं भिंग, हिरवा झगझगाट. बहुतेक डाग कळलेही नाहीत. दोन-तीनदा मात्र दातात सणक जावी तसं झालं. 'आई गं' म्हटल्यावर डॉक्टरांनी जोर कमी केला. येताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

एक मात्र सांगून ठेवतो, जळमट लेझरने जात नाही. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. दोन महिने मी लेझर फसलं समजून चिडचिड करत होतो.

सावली: मी 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हटलं. चौथ्या दिवशी खालून काळी सावली चढू लागली. तोवर नुसत्या लेझरचं काम राहिलं नव्हतं. ऑपरेशन, डोळ्यात गॅसचा फुगा, कित्येक दिवस मान खाली, आणि फुगा विरेपर्यंत विमान बंद. जा बाई... म्हणजे, जा बाबा आजच!

मायनस_आठ: झालं. सणक तीनदा. जळमट आहे तिथेच आहे. आता जिम कधी?

जुना_चष्मेवाला: डाग पक्के व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, तोवर वजनं राहू द्या, पुढचं डॉक्टरांना विचारा. तपासणी चुकवू नका, दुसरीकडे नवा छेदही पडू शकतो. माझा दुसरा तिसऱ्या आठवड्यात सापडला.