रात्रीच्या मावशींना गेटवर कोण अडवतंय?

शुभदा, बी-४०२: सचिवसाहेब, काल रात्री सासूबाईंना सांभाळायला येणाऱ्या ब्युरोच्या मावशींना पुन्हा गेटवर ताटकळत ठेवलं. सासूबाईंची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी एकटी होते. वॉचमनचा फोन उचलायला हात मोकळे नव्हते.

नीलेश, ए-२०३: पास नाही तर प्रवेश नाही. नियम सगळ्यांना सारखा.

शुभदा, बी-४०२: अर्ज कधीच दिलाय. ब्युरोवाले माणूस बदलत राहतात, पास कुणाच्या नावाने मागू? फ्लॅटच्या नावाने द्या.

सचिव: ताई, अर्ज मिळाला आहे. कमिटीपुढे ठेवतो. कृपया ग्रुपवर वाद नको 🙏

प्रकाशकाका, ए-१०१: माझाही पास काढून ठेवा, एखाद दिवशी मीच घर विसरेन 😄

रेखाताई, सी-१०४: काका, आज नको हो.

प्रकाशकाका, ए-१०१: बरं बाई, राहिलं.

मिलिंद, बी-३०२: विषय निघालाच आहे म्हणून, रात्री वरून हाका ऐकू येतात. मुलाची परीक्षा आहे. आधीही बोललो होतो.

शुभदा, बी-४०२: आणि मी आधीही सांगितलं होतं. त्यांना डिमेन्शिया आहे. अंधार पडला की घालमेल वाढते, माहेरच्यांना हाका मारतात. गप्प करायला गेलं की आणखी घाबरतात. दार बंद करून घेते, याहून काय करू?

नीलेश, ए-२०३: सहानुभूती आहेच. पण पास नाही तर प्रवेश नाही.

रेखाताई, सी-१०४: नीलेश, वाचलं आम्ही. आता माझं वाच. मी नोकरीभर वॉर्डात हेच पाहिलं. पेशंटला औषध मिळतं, सांभाळणारीला कुणी जेवलीस का विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की डिमेन्शियाच्या माणसामागे घरचे लोक दिवसाला सरासरी ५ तास देतात, आणि या सगळ्या काळजीच्या तासांतले ७० टक्के बायकांचे असतात. शुभदाची नोकरी सुटली ती यातच. तिला कौतुक नकोय, आठवड्यातून दोन-तीन तास सुट्टी हवीय. ती आपण देऊ शकतो.

मिलिंद, बी-३०२: नोकरीचं माहीत नव्हतं.

वैशाली, सी-३०१: मावशींना लिफ्ट वापरू देत नाहीत, खाली बसायला खुर्ची नाही, बाथरूम नाही. त्यामुळेच बायका टिकत नाहीत. हे कोण बोलणार?

सचिव: लिफ्टचा ठराव जुन्या कमिटीचा आहे.

वैशाली, सी-३०१: मग नवीन कमिटीने बदलावा.

प्रकाशकाका, ए-१०१: जिन्याचा कठडा दुसऱ्या मजल्यावर अजून हलतो. दिवाही गेलेला. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये जगभरात पडण्याचा नंबर दुसरा लागतो, आणि त्यात सगळ्यात जास्त आमच्याच वयाचे. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

नीलेश, ए-२०३: कठड्याचं मान्य. पासबद्दल माझं म्हणणं तेच. चोरी माझ्या घरी झाली होती, तुमच्या नाही.

शुभदा, बी-४०२: ते मी विसरलेले नाही. मावशींचा फोटो, ब्युरोचा नंबर, सगळं वॉचमनकडे देते. फक्त रात्री अडवू नका.

नीलेश, ए-२०३: फोटो असेल तर माझी हरकत नाही.

सचिव: आजपासून बी-४०२ साठी फ्लॅटच्या नावाने तात्पुरता पास. कठडा, दिवा आणि लिफ्ट रविवारच्या मीटिंगला.

रेखाताई, सी-१०४: शुभदा, उद्या दुपारी मी येऊन बसते. तू बाहेर पड.

शुभदा, बी-४०२: चारनंतर या, तोवर औषध देऊन ठेवते. तुम्हाला त्या सुमनवहिनी म्हणतील. नाही म्हणू नका, फक्त ओ द्या.